टॉवरचं तोंड

चैत्रातल्या एका मंगळवारी संध्याकाळी माझी सगळी मेंढरं, लहानमोठी मिळून त्रेचाळीस, ओढा ओलांडून जळबाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागून पळत गेलो तेव्हा जळबाची बायको पद्माबाई ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती, आणि मोबाइलमधून माझ्या बायकोचा आवाज येत होता.

"येऽऽ बाई येऽऽ, ये ये ये ये..."

माझी बायको नर्मदा पौषात वारली. तीन महिने झाले होते.

जळबा दारातून बाहेर आला आणि हसायला लागला. "मसाजी, तुझी मेंढरं पाव्हणी आली बघ. एकेकीला चहा ठेवू का?"

"बंद करा ते आधी," मी म्हणालो.

पद्माबाईनं घाईनं बटण दाबलं. "भाऊ, मी सहज लावलं होतं. आठवण आली म्हून."

तिनं बंद करायच्या आधी माझी नजर मोबाइलवर गेली होती. नर्मदेच्या नाकातली फुली दिसत होती. कपाळावरचं गोंदण दिसत होतं. लहानपणी तिला भुवईजवळ बैलाचं शिंग लागलं होतं, ती खूणसुद्धा दिसत होती. माझ्या मोबाइलवर मला तिचं नाक धड दिसत नव्हतं.

मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. बायको माझी, मेंढरं माझी, आणि दोघंही जळबाच्या अंगणात.

तो व्हिडिओ जळबाच्या पोरीनं, ऐश्वर्यानं काढलेला. ती पुण्याला दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांमागं दिवाळीला आली होती तेव्हा संध्याकाळी आमच्या मेंढवाड्यापाशी उभी राहून तिनं तो काढला आणि मोबाइलवर सगळ्यांना बघता येईल असा टाकला. नर्मदा काट्याच्या कुंपणाला टेकून उभी आहे, पदर खोचलेला, आणि मेंढरांना हाक मारते आहे. दिवसभर मेंढरं मी चारायचो, पण संध्याकाळी आत घ्यायचं काम तिचं. ती एकदा हाक मारायची, आणि सगळी मेंढरं रांगेनं आत जायची. मी कधी ती हाक शिकलो नाही. गरज पडली नाही.

ती गेल्यावर मेंढरं आत जाईनात. मी काठी घेऊन पळायचो, एकीकडून वळवली की दुसरीकडून फुटायची. घामाघूम होईपर्यंत अर्धी आत जायची. फाल्गुनात दोन कोकरं बाहेर राहिली ती लांडग्यानं नेली. माझी मुलगी राधिका कळमनुरीला दिलेली आहे. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका आन् इकडं या." मी म्हणालो, "तुझ्या आईनं नखाएवढी असल्यापासून वाढवलेली आहेत. ती मी विकत न्हाई." मग तिनंच मला हा मोबाइल आणून दिला, आईचा व्हिडिओ पहिल्याच पानावर ठेवून दिला आणि सांगितलं, "हे चित्र दाबायचं, आईचा आवाज येईल. मेंढरं ऐकतील."

पण आमचं घर खोलगटात आहे. टॉवर आहे साखऱ्याच्या रस्त्याला, आणि मध्ये टेकाड. त्या टेकाडावर जळबाचं घर. त्याच्या दारातून टॉवर नजरेत येतो. माझ्या दारातून टेकाडच दिसतं.

पहिल्या दिवशी मी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राहून चित्र दाबलं. नर्मदा आली, तोंड उघडलं, "येऽऽ बा..." म्हणाली आणि थांबली. मधोमध गोल चक्कर फिरायला लागलं. मेंढरांनी कान टवकारले होते. दोन पावलं पुढं आली होती. मग उभी राहिली, माझ्याकडं बघत. थोड्या वेळानं मोबाइल पुन्हा "ये ये" म्हणाला आणि पुन्हा थांबला. असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी मेंढरांनी मान वर केली नाही. नर्मदेची हाक खोटी आहे, असं मीच त्यांना शिकवत होतो.

राधिकेनं फोनवर सांगितलं की चित्र हलकं करून लावा, मग अडकणार नाही. तसं केलं. अडकलं नाही, पण नर्मदेच्या तोंडाचे चौकोन झाले आणि आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. मेंढरांचं जाऊ द्या, मलाच तो तिचा वाटला नाही.

त्या मंगळवारी मेंढरं हाकून नेताना जळबा ओढ्यापर्यंत माझ्यासोबत आला.

"मसाजी, ऐकून तर घे. आमच्या ओट्यावर बसून तो व्हिडिओ तुझ्या मोबाइलात उतरवून घेता येतो. ऐश्वर्या सांगत होती. एकदा उतरवला की रेंज लागत न्हाई. मग कुठंबी वाजव."

"मला न्हाई पाहिजे."

"काहून?"

"माझ्या बायकोला बघायला मी तुझ्या ओट्यावर येऊ?"

जळबा थांबला. "जिती होती तेव्हा तू घरात तरी बघत होता का तिच्याकडं?" असं म्हणाला आणि परत गेला. त्याला तसं बोलायची सवय आहे. आम्ही एका वयाचे, एकाच शाळेत दोन वर्षं बसलेले. पण ते माझ्या मनात रुतून बसलं.

खरं सांगायचं तर जळबावर माझा राग जुना होता. पौषात नर्मदेला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा अकरा दिवस माझी मेंढरं त्यानं सांभाळली. एकही हरवलं नाही, एकही लंगडं झालं नाही. मी परत आलो ते बायकोला पोचवायला आलो, आणि मेंढरं अंगानं भरलेली होती. त्याला मी तोंडानं धन्यवाद दिले. मनात आलं, याची बायको जिती आहे, याच्या दारात टॉवर आहे, आणि माझी मेंढरंसुद्धा याच्याकडं बरी राहतात. त्यानं त्यांना सोयाबीनचं कुटार घालून लाडावलं, म्हणून ती त्याच्या अंगणाकडं पळतात, असं मी धरून चाललो होतो.

ग्रामपंचायतीतून रेंजची तक्रार गेली होती. वैशाख लागताना हिंगोलीहून नेमसिंग नावाचा माणूस मोजणीला आला. पाठीला पिशवी, पिशवीत कॉम्प्युटर, आणि हातातल्या फळीवर तीन मोबाइल बांधलेले. तिन्हींवर एकच व्हिडिओ चालू. तो चालायचा आणि कॉम्प्युटर लिहून घ्यायचा, व्हिडिओ कुठं अडकला, किती वेळ अडकला. त्याला वाटा दाखवायला कोणीतरी पाहिजे होतं. मी म्हणालो, मी येतो.

आमच्या खोलगटात आल्यावर तिन्ही मोबाइलवर चक्कर फिरायला लागलं.

"काका, इथं बोलणं होतं, पण व्हिडिओ न्हाई," नेमसिंग म्हणाला. "बोलायला थेंब थेंब मिळालं तरी चालतं. व्हिडिओला सलग धार पाहिजे."

"मग धार इकडं वळवा."

तो हसला. "वळवता येते, सच्ची. टॉवरला तीन तोंडं असतात. एक गावाकडं, एक रस्त्याकडं, एक त्या टेकाडाकडं. टेकाडाकडचं तोंड थोडं फिरवून खाली वाकवलं तर टेकाडाच्या बाजूनं इथं खोलगटात उतरेल. पण मग वरती कमी पडेल. वरच्या घरात कोणी राहतं का?"

जळबाच्या दाराला त्या दिवशी कुलूप होतं. पद्माबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि दोघं हिंगोलीला पाव्हण्यांकडं गेले होते. चार दिवसांत परत येणार होते. हे मला माहीत होतं. सकाळी जाताना पद्माबाईनंच सांगितलं होतं, भाऊ, कोंबड्यांकडं लक्ष ठेवा.

"कोणी न्हाई," मी म्हणालो. "कुलूपच असतं."

"पक्कं?"

"बघा की, दिसून राहिलं न्हाई का?"

त्यानं बघितलं आणि लिहून घेतलं. मी त्याला ताक पाजलं. जळबाच्या कोंबड्यांना दाणे टाकायला मी त्याच दिवशी संध्याकाळी टेकाडावर गेलो, हेही लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी, सोमवारी, टॉवरवर माणसं चढलेली दिसली. संध्याकाळी मी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा राहिलो आणि चित्र दाबलं.

नर्मदा आली. पूर्ण आली. फुली, गोंदण, भुवईजवळची खूण. वाऱ्यानं केसाची बट हलत होती, ती मी आधी कधी बघितली नव्हती. तिनं हाक सुरू केली आणि शेवटपर्यंत नेली, श्वास न तोडता. मला वाटलं, आता आली माझ्या घरी. जळबाकडून आणली.

मेंढरांनी कान टवकारले. मग सगळ्यांनी, म्होरक्या मेंढीसकट, तोंडं फिरवली आणि टेकाडाकडं बघत उभी राहिली.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. हाक माझ्या हातातून येत होती आणि मेंढरं जळबाच्या अंगणाकडं बघत होती. मी मोबाइल खिशात टाकला आणि काठी उचलली.

गुरुवारी दिवस कलताना जळबा आणि पद्माबाई ओढा उतरून आले. तिच्या डोळ्याला काळा चष्मा होता आणि जळबानं तिचा हात धरला होता. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण नर्मदेचा हात मी असा वाटेनं कधी धरला नव्हता. मला तेही सहन झालं नाही.

"मसाजी भाऊ, तुमच्या अंगणात रेंज आली म्हनं," पद्माबाई म्हणाली. "आमच्याकडची गेली बघा. ऐश्वर्याला रोज डोळा दाखवावा लागतो, औषधाचं ती सांगते. तीन दिवस झाले, तिला नुसते चौकोन दिसून राहिले."

"टॉवरला काय तकलीफ झाली देव जाणे," जळबा म्हणाला.

मी म्हणालो, बसा. ती कुंपणाजवळच्या दगडावर बसली. तो नर्मदेचा दगड. जळबानं फोन लावला आणि ऐश्वर्या दिसली, दवाखान्याच्या कपड्यांत.

"आई, चष्मा काढ. उजेडाकडं तोंड कर. बाबा, मोबाइल जवळ धरा." मग ती स्वतः मोबाइलजवळ वाकली. "आई, डोळा लाल आहे. कधीपासून?"

"परवापासून खुपून राहिलं. मला वाटलं, होत असंल."

"मला परवाच दिसायला पाहिजे होतं हे. बाबा, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं हिंगोलीला न्या. उद्याच. औंढ्याला लग्नाला जायचंय, असलं काही सांगू नका मला."

"नेतो बाळा. जयभीम."

फोन बंद झाला. जळबा तिचा चष्मा पुसत बसला. मी मेंढरांकडं बघत उभा होतो, कारण दुसरीकडं कुठं बघावं कळत नव्हतं.

"आजूक बाहेरच हाय का सारी?" पद्माबाई म्हणाली. "दिवस बुडाला की."

मग तिनं दगडावर बसल्या बसल्या मान वर केली आणि हाक मारली.

"येऽऽ बाई येऽऽ, ये ये ये ये..."

आवाज तिचा होता, जाडसर. पण चाल नर्मदेची. जिथं नर्मदा आवाज खाली सोडायची तिथंच सोडला, शेवटचे चार 'ये' तसेच, पायरी उतरल्यासारखे. म्होरकी मेंढी वळली. तिच्यामागं दुसरी. माझ्या समोरून त्रेचाळीस मेंढरं, बराबर रांगेनं, आत गेली. मी काठी खाली ठेवली.

"हे तुमाला कोणी शिकवलं?"

पद्माबाईनं जळबाकडं बघितलं.

"सांग आता," जळबा म्हणाला.

"तिनंच," पद्माबाई म्हणाली. "दवाखान्यातून. मेंढरं आमच्या अंगणात होती ना, तर पहिल्या दिवशी आत येईनात. मी राधिकेला फोन केला, ती तिथंच होती आईपाशी. तर नर्मदाच बोलली, म्हनली, पद्मे, मोबाइल मेंढरांकडं कर. आन् तिकडून हाक मारली. आली सारी. मग रोजच. साडेपाच झाले की फोन यायचा. आधी मेंढरं बघायची, ही लंगडते का, तिनं खाल्लं का. मग हाक मारायची. शेवटी शेवटी दम लागायचा तिला. मग म्हनली, तू शीक. मी म्हणायची, ती हसायची. म्हनायची, पद्मे, तू भांडल्यासारखी बोलवते. तू त्यांची सासू न्हाई."

साडेपाच. रोज साडेपाचला नर्मदा मला म्हणायची, जा, चहा घेऊन या. मला वाटायचं, तिला माझी दया येते, दिवसभर बाकड्यावर बसून असतो म्हणून. मी खाली जायचो, टपरीवर उभा राहायचो, तिच्यासाठी कागदी पेल्यात चहा आणायचो. ती दोन घोट घ्यायची. तोंडावर जरा बरं दिसायचं. मला वाटायचं, चहानं.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमीच रागावले होते म्हनं तिच्यावर. दुसऱ्याच दिवशी."

रागावलो होतो. ती म्हणाली, मेंढरांचं कसं असंल हो. मी म्हणालो, इथं जीव टांगणीला लागला आन् तुला मेंढरांचं पडलं, पुन्हा नाव काढू नको. तिनं पुन्हा नाव काढलं नाही. माझ्यापाशी.

पद्माबाईला त्या अकरा संध्याकाळी मिळाल्या. तिला नर्मदेचं हसू मिळालं, दम लागलेला आवाज मिळाला. मेंढरांनाही मिळाला, मोबाइलमधूनच, म्हणून ती टेकाडाकडं बघायची. मला टपरी मिळाली. दुसरा कोणी पुरुष असता तरी इतकं जळालं नसतं, असा हेवा मला त्या वेळी त्या बाईचा वाटला. आणि ती समोर लाल डोळा घेऊन बसली होती.

"जळबा," मी म्हणालो, "टॉवरला काही तकलीफ झाली न्हाई. ते तोंड मी फिरवायला लावलं. मोजणीवाल्याला सांगितलं, वरच्या घरात कोणी राहत न्हाई."

जळबा उठला, पद्माबाईला उठवलं. दोन पावलं गेला आणि वळला.

"मग आमच्या कोंबड्यांना दाणे कोण टाकून राहिलं होतं? भुतं?"

"मीच."

"येडा हाय तू मसाजी," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "माझ्यावर राग काढायचा व्हता तर येऊन दोन शिव्या द्यायच्या. हिच्या डोळ्यावर काहून काढला?"

ती दोघं ओढा ओलांडून टेकाड चढून गेली. पद्माबाईला वर चढताना दिसत नव्हतं नीट, जळबा एकेक दगड सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याआधी साखऱ्याच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो आणि गाडी थांबवून ठेवली. सोबत हिंगोलीलाही गेलो. जळबा नको म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, थेंबांनी उतरेल. दवाखान्याच्या बाहेर टपरी होती. मी तीन चहा आणले. जळबानं घेतला.

तिथूनच मी तक्रारीच्या नंबरवर फोन केला. दोन दिवसांनी नेमसिंगचा फोन आला.

"काका, तुमीच म्हटलं होतं ना, वरचं घर बंद आहे?"

"मी खोटं सांगितलं."

"काहून?"

"ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिण्यासारखं न्हाई. ते तोंड परत होतं तिकडं करून द्या."

तो पुन्हा आला, पुन्हा तीन मोबाइल घेऊन चालला. या वेळी जळबाच्या ओट्यावरसुद्धा गेला. म्हणाला, अगदी परत फिरवत नाही, मधोमध ठेवतो. वरती पहिल्यासारखं झकास राहणार नाही, खाली आत्तासारखं राहणार नाही, पण दोन्हीकडं व्हिडिओ अडकणार नाही. आता तसंच आहे. ऐश्वर्याला आईचा डोळा दिसतो. माझ्याकडं नर्मदा येते, फुली दिसते, भुवईजवळची खूण नीट बघितली तर दिसते.

मेंढरांसमोर मी ती लावत नाही. एकटा बसून बघतो.

पद्माबाईचा डोळा बरा झाल्यावर मी एका संध्याकाळी टेकाडावर गेलो आणि म्हणालो, वहिनी, मला ती हाक शिकवा. जळबा ओट्यावरून म्हणाला, "फी काय देतो?" मी म्हणालो, "तुझ्या शिव्या ऐकून घेतो." आता ती आठवड्यातून दोनदा खाली येते, त्या दगडावर बसते आणि मी कुंपणापाशी उभा राहतो.

"भाऊ, तुमी हुकूम देऊन राहिले," ती म्हणते. "खाली सोडा आवाज. अजून खाली. ती तिथं हसायची जरा."

नर्मदा कुठं हसायची ते मला दुसऱ्याच्या बायकोकडून कळतं. मी आवाज खाली सोडतो.

काल सतरा आली. बाकीची उभी राहून पद्माबाईकडं बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला, आपली हाक निघू नये म्हणून. मी पुन्हा हाक मारली.